सोबतचं मांजर गेल्यावर मागे राहिलेल्या मांजराला कसं सांभाळायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातल्या दोन मांजरांपैकी एक गेलं की दुसऱ्याचं काय करायचं असे मेसेज सतत येतात, आणि बहुतेक वेळा विचारणाऱ्याचा स्वतःचाही जीव थाऱ्यावर नसतो, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवलीयत. सगळं वाचायची ताकद नसेल तर निदान प्रश्न ३ आणि प्रश्न ८ आत्ताच वाचा, त्या दोन गोष्टींत थांबून चालत नाही. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

१. मांजरांना खरंच दुःख होतं का, की आपल्यालाच तसं वाटतं?

सोबतचं मांजर घरात नाहीये हे त्यांना नक्की कळतं. मरण म्हणजे काय हे कळतं का ते कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण ज्याच्या अंगाला अंग लावून झोपायची सवय होती ते एकदम नाहीसं झालं की वागणं बदलतं. २०१६ साली न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या मालकांना विचारून एक अभ्यास झाला, त्यात ७८ टक्के मांजरांचं माणसांशी लाडाचं वागणं बदललेलं होतं, ४३ टक्के मांजरं आधीपेक्षा जास्त वेळा ओरडत होती, आणि गेलेल्याच्या आवडत्या जागेवर जाऊन बसणंही पुष्कळांनी सांगितलं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंड युनिव्हर्सिटीत चारशेहून जास्त मांजरांबद्दल असंच विचारलं गेलं, तिथेही झोप, खाणं, खेळणं कमी झालेलं आणि माणसाच्या मागे मागे फिरणं, लपणं, शोधणं वाढलेलं दिसलं.

आता हे सगळं मालकांनी सांगितलेलं आहे, आणि ज्या मालकाला जास्त दुःख झालं होतं त्याला मांजरातही जास्त बदल दिसले, हेही त्या २०२४च्या अभ्यासातच आलंय. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं: 'तिला दुःख झालंय' हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढा. दोघं एकाच घरात राहत होती, एकच खाणं खात होती, बऱ्याचदा वयही सारखंच, त्यामुळे एकाला जे झालं ते दुसऱ्याला असू शकतं, आणि दुःखाची जी लक्षणं आपण म्हणतो, म्हणजे न खाणं, लपणं, झोपून राहणं, तीच आजाराचीही असतात. दुःख समजून आजार अंगावर काढलेली मांजरं मी पाहिलीयत, फार वाईट वाटतं.

२. नॉर्मल काय आणि किती दिवस चालतं?

घरभर फिरून शोधणं, दार किंवा कपाट बंद असेल तर त्याच्यासमोर बसून राहणं, वेगळ्याच लांब आवाजात ओरडणं, तुम्ही बाथरूमला गेलात तरी मागे येणं, किंवा बरोबर उलटं म्हणजे पलंगाखालून बाहेरच न येणं. थोडं कमी खाणं, खेळायचा मूड नसणं, अंग चाटून साफ करणं कमी होणं. हे सगळं दिसू शकतं किंवा यातलं काहीच दिसणार नाही (मग प्रश्न १० बघा). आमच्याकडे बोका गेल्यावर मागे राहिलेली भाटी रोज दुपारी कपाटाखाली येऊन मान वर करून बघत बसायची, कारण तो कपाटावर झोपायचा, आणि तो असताना तिला वर यायची परवानगी नव्हती. बरेच दिवस ती नुसती बघायची, मग एकदा उडी मारून वर गेली, सगळी जागा हुंगली आणि तिथेच पाय पोटाशी घेऊन झोपली.

किती दिवस, याचं ठरलेलं उत्तर नाही. काही मांजरं दोन-तीन आठवड्यांत रुळतात, काहींना महिने लागतात, वर सांगितलेल्या २०१६च्या अभ्यासात निम्म्याहून जास्त प्राणी सहा महिन्यांच्या आत सावरले होते. दिवस मोजण्यापेक्षा दिशा बघा, म्हणजे या आठवड्यात मागच्या आठवड्यापेक्षा थोडं बरं आहे का. बरं होत होत अचानक परत बिघडलं, किंवा जे चाललंय ते वाढतच गेलं, तर डॉक्टरकडे न्या. आणि दर आठवड्याला वजन करा, हे मी हात जोडून सांगते. मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं, वजाबाकी करायची. ४ किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम कमी होणं म्हणजे दहावा हिस्सा गेला, आणि दाट केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही.

३. दोन दिवस झाले, नीट खात नाहीये. अजून किती वाट बघू?

वाट बघू नका. पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नसेल तर व्हेटला फोन करा, नेहमीच्या निम्म्याहून कमी खाणं दोन-तीन दिवस चाललं असेल तरी न्या. पिल्लू असेल तर २४ तासही फार झाले, १२ तासांतच फोन. डायबेटिस, किडनी वगैरे आधीचं काही असेल तरीही थांबायचं नाही.

घाई कशासाठी तर मांजराचं शरीर उपाशी राहायला बनलेलंच नाही. खाणं बंद झालं की शरीर साठवलेली चरबी मोठ्या प्रमाणात लिव्हरकडे पाठवतं, मांजराच्या लिव्हरला ती तेवढ्या वेगाने वापरता येत नाही, ती तिथेच साचते आणि लिव्हर काम करेनासं होतं. याला हेपॅटिक लिपिडोसिस किंवा सरळ फॅटी लिव्हर म्हणतात, आणि गंमत म्हणजे जाड मांजरांना याचा धोका सगळ्यात जास्त. लोक म्हणतात 'अंगावर भरपूर आहे, चार दिवस कमी खाल्लं तर काय होतंय', तर तेच नेमकं उलटं आहे. एकदा ते झालं की मळमळीमुळे आणखीच खात नाही, मग नळी घालून आठवडेच्या आठवडे भरवावं लागतं. वेळेत धरलं तर बरीच मांजरं वाचतात. रोज उजेडात कानाची आतली बाजू, हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघायची सवय लावा, पिवळसर झाक दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही.

घरी काय करता येईल तर ओलं खाणं थोडं कोमट करून द्या, अंगाच्या उबेइतकं, त्याने वास येतो आणि मांजर आधी नाकाने खातं. मायक्रोवेव्हमधून काढलं असेल तर बोट घालून ढवळून बघा, मधेच एखादा भाग चटका बसेल इतका गरम असतो. थोडं थोडं पण जास्त वेळा द्या, बोटावर घेऊन नाकासमोर धरा, चाटलं तर चाटलं. गेलेल्या मांजराशेजारी बसून खायची सवय असेल तर तुम्ही जमिनीवर शेजारी बसा, खूप मांजरांना एवढंच हवं असतं. सूप किंवा रस्सा देत असाल तर त्यात कांदा-लसूण अजिबात नको, पावडर स्वरूपातही नको, त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

दोन गोष्टी करू नका. एक, काळजीपोटी सहा वाट्या सहा प्रकारचं खाणं समोर मांडून बसू नका, मळमळत असताना समोर आलेल्या खाण्याची मांजराला कायमची शिसारी बसू शकते. दुसरं, डॉक्टरने दाखवलं नसेल तर सिरिंजने जबरदस्ती भरवू नका, श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. भूक लागायची चांगली औषधं आहेत, मिर्टाझेपिन तर कानाच्या आत चोळायच्या मलमाच्या रूपातही मिळतं, पण डोस आणि कुठल्या मांजराला चालेल ते डॉक्टरच ठरवणार.

पाण्यावरही लक्ष ठेवा. खात नाही पण पाणी पितेय म्हणून निर्धास्त होऊ नका.

४. गेलेल्या मांजराला दाखवायचं का दुसऱ्याला? बघितलं नाही तर ती शोधत राहील का?

शक्य असेल तर दाखवा, जबरदस्ती नको. बॉडी एका चादरीवर जमिनीवर ठेवा आणि दुसऱ्याला त्या खोलीत यायला मोकळं सोडा, उचलून नाकाशी नेऊ नका. कोणी हुंगून निघून जातं, कोणी फिस्कारतं, कोणी शेजारी बसतं, कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि यातल्या कशाचाही वाईट अर्थ काढायचा नाही. फिस्कारलं म्हणजे प्रेम नव्हतं असं नाही, वास बदललेला असतो म्हणून फिस्कारतं. बघितल्याने शोधणं कमी होईलच अशी खात्री मी देणार नाही, बघूनही शोधणारी मांजरं आहेत. त्यामुळे दवाखान्यातच गेलं आणि दाखवता आलं नाही तर ते मनाला लावून घेऊ नका.

घरी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं ठरलं असेल तर अनोळखी डॉक्टर घरात असेपर्यंत दुसरं मांजर वेगळ्या खोलीत बरं, नंतर दार उघडा.

अपवाद: लागणाऱ्या आजाराने गेलं असेल तर जवळ जाऊ देऊ नका, आधी प्रश्न ११ वाचा.

५. तिची गादी, वाटी, खेळणी काढून टाकू की राहू देऊ?

लगेच काहीच करू नका. आपल्याला ते बघवत नाही म्हणून आपण एका दिवसात सगळं धुवून, बांधून माळ्यावर टाकतो, आणि मागे राहिलेल्याच्या दृष्टीने सोबती गेला तो गेला वर घराचा अर्धा वासही गेला. मांजर घर ओळखतं ते वासाने. निदान एक गोधडी किंवा गादी न धुता तिथेच ठेवा जिथे होती. ती त्यावर झोपली तर झोपू द्या, टाळत असेल तर दोन-तीन आठवड्यांनी हळूहळू हलवा. लिटर ट्रे दोन असतील तर दोन्ही ठेवा, एका मांजरालाही दोन ट्रे आवडतात. तुम्हाला वाटीकडे बघून फारच त्रास होत असेल तर वाटी उचला, वाटीचं तिला काही नसतं, अंथरुणाचं असतं.

६. रात्रभर ओरडत फिरते. झोप नाही, शेजारी वैतागले. काय करू?

झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दोरी किंवा पिसाच्या काठीने दमेपर्यंत खेळवा, शेवटी तिला ते 'पकडू' द्या, आणि लगेच रात्रीचं खाणं द्या. शिकार, मग जेवण, मग झोप, हा मांजराचा मुळातला क्रम आहे. दिवसा सलग झोपून राहत असेल तर मधे मधे उठवून थोडं खेळवा. रात्री ओरडली तर रागावू नका, पाणी तर बिलकुल मारू नका, आणि प्रत्येक हाकेला उठून खाऊही देऊ नका, नाहीतर दुःख ओसरेल आणि खाऊची सवय राहील. एकदा शांत आवाजात नाव घ्या, बास.

नसबंदी झालीय का तेही आठवा. माजावर आलेली भाटी किंवा बाहेरच्या भाटीच्या वासाने अस्वस्थ झालेला बोका अगदी असंच ओरडतो, आणि घरात नुकतंच कोणी गेलेलं असलं की आपण ते दुःखाच्या खात्यात टाकतो. आणि दहा वर्षांच्या पुढचं मांजर रात्री ओरडायला लागलं तर थायरॉइड, ब्लडप्रेशर आणि किडनी तपासून घ्याच. म्हातारपणी ऐकू कमी येणं, भ्रम होणं हेही असतं, आणि आधी दुसरं मांजर शेजारी होतं म्हणून ते झाकलं गेलेलं असतं.

७. सारखी चिकटून असते. लाड करू का, की सवय लागेल? आणि मी रडते तेव्हा तिला कळतं का?

करा लाड. ती मागतेय तेव्हा द्या, तिने मागितलं नाही तेव्हा उचलून छातीशी धरू नका, एवढाच नियम. सगळ्यात जास्त उपयोग रुटीनचा होतो: खाणं त्याच वेळेला, खेळ त्याच वेळेला, दिवे बंद त्याच वेळेला. फर्निचर हलवणं, घराला रंग काढणं, प्रवास, सगळं थोडं पुढे ढकलता आलं तर ढकला. एरवी दिवसभर घरी कोणी नसेल तर खिडकीजवळ बसायला जागा करा, थोडं कोरडं खाणं पुठ्ठ्याच्या डब्यात लपवून जा म्हणजे शोधून खाण्यात वेळ जातो.

तुमच्या रडण्याचं म्हणाल तर आवाज, चाल, तुम्ही अंथरुणात पडून राहणं हे तिला जाणवतं. काही मांजरं अशा वेळी लांब जातात, ते प्रेम आटलं म्हणून नाही. तिच्यासमोर रडायचंच नाही असं काही नाही, मन मोकळं करा. फक्त तुम्ही उठू शकत नसाल अशा दिवशी तिची वाटी आणि ट्रे बघायला कोणालातरी सांगून ठेवा.

८. ट्रेच्या बाहेर शू करायला लागलाय. हा राग आहे का?

राग नाही, बदला पण नाही. बोका असेल आणि परत परत ट्रेत बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, खालची जागा सारखी चाटतोय आणि शू थेंब-थेंब किंवा येतच नाहीये, तर ही इमर्जन्सी आहे, रात्रीचे दोन वाजले असले तरी न्या. मूत्रमार्ग अडकला की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. लोक याला बद्धकोष्ठता समजून थांबतात.

शू होतेय पण नको तिथे, तर स्ट्रेसने मूत्राशयाला सूज येणं मांजरांमध्ये कॉमन आहे, आणि सोबती जाणं हा मोठा स्ट्रेस, त्यामुळे युरीन तपासून घ्या. बाकी ट्रेची जागा तीच ठेवा, रोज साफ करा, वाळू बदलू नका, झालेली जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. पाणी वाढवण्यासाठी ओलं खाणं वाढवा. गादीवर किंवा तुमच्या कपड्यांवर करतेय म्हणून नाक घासणं वगैरे प्रकार कृपा करून करू नका.

९. एकटी पडलीय, लगेच दुसरं पिल्लू आणू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर बहुतेक वेळा 'आत्ता नको' असंच असतं.

तिला 'एक मांजर' कमी झालेलं नाही, ते मांजर कमी झालंय. अनोळखी मांजर म्हणजे तिच्यासाठी आधी घुसखोर, सोबती नंतर, झालाच तर. आधीच अस्वस्थ, कमी खाणाऱ्या मांजराच्या घरात घुसखोर आणणं म्हणजे स्ट्रेसवर स्ट्रेस. निदान ती पूर्ववत खातेय, खेळतेय, वजन स्थिर आहे, एवढं होईपर्यंत थांबा. आणि पुष्कळ मांजरं एकटी सुखात राहतात हेही लक्षात घ्या, आधी दोघं एकत्र झोपायची का, एकमेकांना चाटायची का, की नुसती एकमेकांना सहन करायची, ते आठवून बघा. तोंड फिरवून वेगवेगळ्या खोल्यांत राहणारी जोडी असेल तर दुसरं हवंय ते कदाचित तुम्हाला, आणि तुम्हाला हवं असणं यात काही चूक नाही, पण मग ते तसं मान्य करून आणा, तिच्या नावावर नको.

आणायचंच ठरलं तर वय आणि स्वभाव जुळवा. बारा वर्षांच्या भाटीच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारं तीन महिन्यांचं पिल्लू म्हणजे तिचं म्हातारपण खराब करणं. दुसऱ्या मांजरांबरोबर राहिलेलं, शांत, मोठं मांजर बऱ्याचदा बरं पडतं, आणि संस्थेकडून थोड्या दिवसांसाठी फॉस्टर म्हणून आणता आलं तर सगळ्यात चांगलं. आल्या आल्या वेगळी खोली, वेगळा ट्रे, वेगळ्या वाट्या. आधी नुसता वास: एकाचं फडकं दुसऱ्याच्या वाटीजवळ. मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग फट किंवा जाळीतून बघणं, मग एका खोलीत थोडा वेळ, तोही खेळताना. कुठल्याही पायरीला फिस्कारणं वाढलं किंवा खाणं थांबलं तर एक पायरी मागे. याला आठवडे लागतात, काही घरांत महिने. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त.

संसर्गाने गेलं असेल तर थांबायचा काळ वेगळा आहे, तो प्रश्न ११ मध्ये. आणि मागे राहिलेलं जर लहान पिल्लूच असेल तर इथलं सगळं उत्तर बदलतं, ते प्रश्न १४ मध्ये बघा.

१०. ती तर आनंदात दिसतेय! आधीपेक्षा जास्त खेळते. हे विचित्र नाही का?

नाही. जी मांजर दुसऱ्याच्या दबावाखाली होती, म्हणजे खाताना मागे थांबायची, सोफ्यावर चढायची नाही, ट्रेच्या वाटेवर तो बसलेला असायचा, तिला एकदम घर मोकळं मिळतं. आपल्याला दिसत नव्हतं कारण मांजरांची दादागिरी बऱ्याचदा नुसती बघण्यात आणि वाट अडवण्यात असते. शिवाय सोबती बरेच दिवस आजारी असेल तर घरातली औषधं, धावपळ, दवाखान्याचे वास, सगळं संपलेलं असतं. तिच्यावर चिडू नका. तुमचं दुःख तुम्ही करा, तिला तिचं घर मिळू द्या.

११. इन्फेक्शनने गेलं. दुसऱ्याला धोका आहे का, आणि घर कसं साफ करू?

कुठलं इन्फेक्शन यावर सगळं आहे, म्हणून डॉक्टरकडून आजाराचं नाव लिहूनच घ्या.

पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, असेल तर सगळ्यात जास्त सावध. हा व्हायरस घरात वर्षभरही टिकू शकतो. मागे राहिलेल्याचं लसीकरण झालंय का ते आजच विचारा, पुढचे दोन आठवडे उलटी, जुलाब, ताप, खाणं बंद यावर डोळा ठेवा. साफसफाईला साधी जंतुनाशकं पुरत नाहीत, ब्लीच लागतं: आधी साबणाने घाण पूर्ण धुवायची, मग १ भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी करून दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग धुवून वाळवायचं, तोवर मांजर दुसऱ्या खोलीत. शू असलेल्या जागेवर थेट ब्लीच ओतू नका, विषारी वाफ होते. फिनाईल तर मांजराच्या घरात कधीच नको, फिनॉल त्यांच्या शरीराला पचवता येत नाही आणि पंजाला लागलं की चाटून पोटात जातं. प्रश्न ५ मध्ये गादी ठेवा म्हटलंय ते इथे लागू नाही, गादी, खेळणी, ओरखडायचा खांब टाकून द्या. नवीन मांजर आणायचंच तर लसीकरण पूर्ण झालेलं मोठंच, पिल्लू नको.

फेलाइन ल्युकेमिया हा मांजरांचा व्हायरसचा आजार लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एकत्र वाट्यांतून पसरतो, पण शरीराबाहेर फार टिकत नाही. मागे राहिलेल्याची टेस्ट आत्ता करा आणि एक-दोन महिन्यांनी परत, कारण नुकतीच लागण असेल तर पहिली निगेटिव्ह येऊ शकते. एफआयव्ही, म्हणजे मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा व्हायरस, मुख्यतः खोल चाव्यांतून पसरतो, भांडत नसलेल्या जोडीत धोका कमी, तरी एकदा टेस्ट करून घ्या.

एफआयपी, म्हणजे फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, याबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात. साधा कोरोनाव्हायरस (माणसांचा कोविड वेगळा) खूप मांजरांच्या आतड्यात असतो, त्यातल्या थोड्यांमध्ये तो शरीरातच बदलतो आणि एफआयपी होतो. बदललेला व्हायरस सहसा एकाकडून दुसऱ्याला जात नाही, २०२३ मध्ये सायप्रसमध्ये पसरलेला प्रकार हा अपवाद होता. सख्खी भावंडं असतील तर लक्ष जास्त ठेवा. आणि चुकून तशी लक्षणं दिसलीच, म्हणजे ताप उतरत नाही, पोट फुगतंय, वजन जातंय, तर आशा सोडू नका, जीएस-४४१५२४ या औषधाने आता बरीच मांजरं बरी होतात. नवीन मांजर आणायला साधारण दोन महिने जाऊ द्या.

१२. अचानक गेला, कारणच कळलं नाही. दुसऱ्याचं काय तपासू?

पहिले विष. लिली घरात किंवा बाल्कनीत आहे का बघा, तिचे परागकण अंगावरून चाटले तरी मांजराची किडनी बंद पडते. उंदराचं औषध, गाडीचं कूलंट, कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं पिसवांचं औषध, कोणी पॅरासिटामॉल दिलं होतं का, सगळं आठवा. यातलं काही असेल तर दुसऱ्यानेही घेतलेलं असू शकतं, लक्षणांची वाट न बघता न्या.

दुसरं हृदय. वरून ठणठणीत दिसणारी मांजरं हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजाराने, एचसीएमने, अशी अचानक जातात. मागे राहिलेलं सख्खं भावंड असेल किंवा मेन कून, रॅगडॉल जातीचं असेल तर हृदयाची सोनोग्राफी करून घ्या.

पोस्टमॉर्टेम करावंसं वाटत नाही हे मला कळतं, पण मागे राहिलेल्यासाठी त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. बॉडी थंड ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि शक्यतो एका दिवसाच्या आत पोचवा.

१३. तिघी होत्या, एक गेली, आता उरलेल्या दोघी भांडतायत. आधी कधी भांडल्या नव्हत्या.

गेलेली बहुतेक त्या दोघींच्या मधली होती. कोण कुठे झोपणार, कोण आधी खाणार ही वाटणी तिच्याभोवती बसलेली होती, ती आता नव्याने होतेय. बऱ्याचदा आणखी एक कारण असतं: दोघींपैकी एक तपासणीला दवाखान्यात जाऊन आली आणि तिचा वास बदलला. मारामारी खरी असेल, केस उडतायत, एक लपून राहतेय, तर दोन-चार दिवस वेगळं ठेवा आणि प्रश्न ९ मधल्या पायऱ्यांनी परत ओळख करून द्या, जणू अनोळखी आहेत. वाट्या, पाणी, ट्रे, उंच जागा घराच्या वेगवेगळ्या टोकांना करा. मधे हात घालू नका, मांजराचा चावा खोल जातो आणि पिकतो.

१४. मागे राहिलेलं पिल्लू आहे. किंवा पिल्लं गेली आणि आई राहिली.

दोन-चार महिन्यांचं पिल्लू एकटं राहिलं तर त्याला बरोबरीचं पिल्लू लवकर मिळालेलं चांगलं. चावायचं किती जोरात आणि थांबायचं कधी हे ते दुसऱ्या पिल्लाशी खेळूनच शिकतं, पिल्लं नवीन सोबतीही पटकन स्वीकारतात. फक्त आधीचं पिल्लू कशाने गेलं ते कळल्याशिवाय आणि लसी झाल्याशिवाय नाही.

पिल्लं गेलेली आई काही दिवस विशिष्ट आवाजात हाका मारत फिरते, खेळणी किंवा मोजे तोंडात धरून आणून ठेवते. ठेवू द्या. तिची आचळं रोज हात लावून बघा, कडक, गरम, लाल किंवा दुखरी असतील तर मस्टायटिस, म्हणजे आचळांना आलेली सूज, डॉक्टर लागणार. दूध पिळून काढू नका, त्याने आणखी येत राहतं.

१५. गेला तो कुत्रा होता. तरी मांजर असं वागेल?

हो. प्रश्न १ मधल्या २०२४च्या अभ्यासात सोबती कुत्रा असलेली मांजरंही होती. बाकी सगळं तसंच लागू.

१६. स्ट्रेससाठी काही औषध, स्प्रे, डिफ्यूझर देऊ का?

फेलिवेसारख्या फेरोमोन डिफ्यूझरचा, म्हणजे मांजराला शांत करणारा वास हवेत सोडणाऱ्या यंत्राचा, काही मांजरांना फरक पडतो, काहींना काहीच नाही, अपाय मात्र नाही. जिथे ती जास्त वेळ असते तिथे उघड्या सॉकेटला लावा, कपाटामागे नको, आणि साधारण महिन्याने बाटली बदला. सुगंधी तेलांचे डिफ्यूझर म्हणजे ते नव्हे, टी ट्री वगैरे तेलं मांजरांना विषारी आहेत.

कित्येक आठवडे झाले, तपासण्या नॉर्मल आल्या, तरी ती लपूनच आहे किंवा अंग चाटून चाटून टक्कल पाडतेय, तर डॉक्टरशी औषधाबद्दल बोला. गॅबापेंटिन, फ्लुओक्सेटिन अशी औषधं मांजरांना देतात, फ्लुओक्सेटिनचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि सुरुवातीला भूक कमी होऊ शकते, त्यामुळे खाणं आधीच कमी असलेल्या मांजराला ते कधी सुरू करायचं हे डॉक्टरला नीट विचारा. तुमच्या स्वतःच्या गोळीचा चतुर्थांश तुकडा करून देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते.

१७. माझी सोळा वर्षांची आहे, किडनीचा त्रास आहे, त्यात सोबती गेला. हिला किती त्रास द्यायचा तपासण्यांचा?

रक्त, युरीन आणि ब्लडप्रेशर एकदा करा, कारण अशा वेळी किडनीच्या मांजराचं पाणी-खाणं थोडं जरी कमी झालं तरी रिपोर्ट पटकन बिघडतात, आणि तेवढ्यापुरतं सलाईन आणि मळमळीचं औषध देऊन ती परत उभी राहू शकते. शक्य असेल तर डॉक्टरला घरी बोलवा. किडनीचं डाएट खात नसेल तर या दिवसांत तिला जे आवडतं ते खाऊ द्या, न खाण्यापेक्षा ते बरं, डॉक्टरही बहुतेक हेच सांगतील. सोबती जवळ झोपायचा त्या जागी कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा, म्हाताऱ्या मांजरांना थंडी लवकर वाजते आणि ती ऊब त्यांना सोबत्याकडून मिळत होती. ट्रे आणि वाटी तिच्या झोपायच्या जागेपासून चार पावलांवर आणा, ट्रेची एक बाजू बसकी असू द्या, आणि रात्री त्या खोलीत बारीक दिवा चालू ठेवा.